फसलेला चीक

सकाळी ओट्यावर यायचं, उजवा हात कपाळावर आडवा धरायचा, आभाळाकडं बघायचं आणि बाजूला पच्चकन थुंकायचं. मग विचारायचं, "बोल मेल्या, आज काय हाये तुह्या मनात?"

चैत्र लागल्यापासून मृग निघेपर्यंत ती बाई रोज अशी आभाळाशी भांडायला उभी राहायची. कळमनुरीच्या आमच्या गल्लीत तिचं घर अगदी आमच्या समोर, त्यामुळं खिडकी उघडली की पहिलं दर्शन तेच. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, ही माझ्याकडं बघून थुंकते. मग कळलं की आभाळाकडं बघून थुंकते. आणखी काही दिवसांनी कळलं की दोघांकडंही.

तोंडावर मी तिला काकू म्हणायचे, मनात 'ती बाई'. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बरं आहे मेलेल्यांचं! जिवंतपणी वाट्टेल तसं वागायचं आणि वर गेलं की सगळं माफ. मी काही माफ केलेलं नाही. पण तुमच्याही गल्लीत अशी एखादी असणारच, तेव्हा तुम्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा.

आमच्याकडचा उन्हाळा किती कडक, ते सांगायला नको. पण तो सरळ कधी येत नाही. चैत्रात गार पडते, वैशाखात मधेच झड लागते, भर दुपारी वावटळ उठते आणि वाळत घातलेले कपडे शेजारच्या आळीत नेऊन टाकते. आमच्यासारखे लोक अशा वेळी कपाळाला हात लावतात. ती बाई सण करायची. गार पडली की गल्लीतल्या लेकरांनी ती झेलायची आणि गुळाच्या खड्याबरोबर खायची. वावटळ आली की तिला चप्पल फेकून मारायची. ज्याची चप्पल बरोबर मधे पडेल त्याला पन्हं. एका वर्षी वैशाखात सकाळी धुकं पडलं, तर तिनं सगळ्या गल्लीला ट्रंकेतले स्वेटर काढून घालायला लावले आणि ओट्यावर बसवून चहा पाजला. घामानं लोक निथळत होते, आणि ती वर बघून ओरडत होती, "बघ रं बघ! आमाला थंडी वाजून राहिली!"

आता हे ऐकून तुम्ही हसलात. मीही हसले होते, खिडकीतून. चहाला आम्हाला बोलावलेलं नव्हतं.

आमचे मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत. सेनगावकडून बदली होऊन आम्ही इथं आलो, आणि गल्लीच्या टोकाचं घर भाड्यानं घेतलं. आमच्या दारातून आत बघितलं की समोर बुद्धाची तसबीर दिसते, ती काकूला तिच्या ओट्यावरून दिसायची. त्यामुळं ती कधी आमच्या घरात आली नाही, असं मी म्हणणार नाही, कारण तिनं तसं कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, "माहे गुडघे दुखत्यात गं, पायरी चढवत न्हाई." स्वतःच्या गच्चीवर मात्र दिवसातून धा खेपा करायची.

सिमेंटची गच्ची गल्लीत तिच्याच घराला. उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचं वाळवण त्या गच्चीवर: पापड, शेवया, सांडगे, कुरडया. फक्त माझं नाही. "तुहं आंगण कसं मोकळं हाये," म्हणायची, "तुला काहून पायजे गच्ची?" मी अंगणात बाजेवर पापड घालायचे आणि काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसायचे. पहिल्या वर्षी आमचा पोरगा वर्गात पहिला आला. मी पेढे घेऊन गेले. ती म्हणाली, "ठिव तिथं ओट्यावर." मी ठेवले. संध्याकाळपर्यंत पेढे तिथंच होते, आणि दिवे लागायच्या वेळेला त्यांना मुंग्या लागल्या. मी खिडकीतून सगळं बघत होते. पोरगंही बघत होतं.

मला त्या गल्लीत राहायचं होतं. नुसतं भाडं भरून नाही, माझ्या हातचं कुणी खाईल असं राहायचं होतं. एवढीच गोष्ट. पण ती एवढीशी गोष्ट त्या बाईच्या मुठीत होती, आणि मूठ काही उघडत नव्हती.

तिच्या सगळ्या सणांत मोठा सण म्हणजे फसलेला चीक. कुरडयांचं तुम्हाला माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. रात्रभर तो बसू द्यायचा, आणि पहाटे मीठ-हिंग घालून शिजवायचा. एकदा गहू पाण्यात पडले की माघार नाही. आणि नेमकं त्या दिवशी आभाळ आलं, तर शिजलेला चीक वाळवायचा कुठं? एवढी मेहनत मातीत. बाया रडायच्या. काकूचा कायदा असा की रडायचं नाही. ज्या घरचा चीक आभाळानं फसवला, त्या घरच्या बाईनं दारात उभं राहून पातेल्याच्या काठावर ढवळायचा लाकडी चाटू वाजवायचा. बोलावणं नाही, काही नाही. चाटू वाजला की सगळ्या गल्लीनं त्या दारात जायचं आणि गरमगरम चीक तेलाची धार सोडून तिथंच खायचा, मजा करत, मोठ्यानं हसत. "खाऊन दाखवा त्याला," काकू वर बोट करून म्हणायची, "लाज वाटू दे मेल्याला."

तर दुसऱ्या उन्हाळ्यात मी गहू भिजवले. ते तिला कसं कळलं कोण जाणे. दुपारी ओट्यावरून हाक आली.

"ए मास्तरीण, गहू भिजू घातले म्हनं?"

"व्हय."

"काढ. आभाळ येऊन राहिलं."

मी वर बघितलं. लख्ख होतं. "कुठं हाये आभाळ?"

"तुला दिसंल तवा उशीर झालेला असंल."

"राहू द्या काकू. माझं मी बघते."

"बघ बाई. शिकलेल्या घरची तू."

आता हे बोलणं चांगलं की वाईट, ते ज्यानं त्यानं ठरवावं. तिचे अंदाज अर्धे तर चुकायचे, आणि चुकले की ती आभाळाच्या आईबापाचा उद्धार करायची. पण माझ्या वेळेला बरोबर यायला पाहिजेच ना! चीक शिजवायच्या सकाळी आभाळ गच्च भरून आलं. गार वारं सुटलं आणि वैशाखात बारीक भुरभुर लागली.

मला रडू आलं नाही. उलट, खरं सांगते, मनातून उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता सापडली! कायदा तिचा, आभाळही तिचंच. मी पातेलं दारात आणलं, तेलाची वाटी ठेवली, पदर खोचला आणि चाटू वाजवला.

लेकरं लगेच पळत आली. मागून दोन-चार बाया वाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि समोर बघायला लागल्या. काकू ओट्यावर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "पोरं हो, घरात व्हा. थंडी वाजंल."

वैशाखात थंडी!

लेकरं घरात गेली. बाया गेल्या. दारं लागली. मी पुन्हा चाटू वाजवला, आणखी एकदा वाजवला. मास्तर मागून येऊन म्हणाले, "असू दे. आपण खाऊ." आमचे मास्तर फार शांत माणूस. त्यांच्या शांतपणाचा मला त्या दिवशी काकूपेक्षा जास्त राग आला.

आम्ही तिघं खाऊन किती खाणार? पातेलंभर चीक दुपारपर्यंत निवला, घट्ट झाला. मी पातेलं उचललं आणि तरातरा गल्ली ओलांडून थेट काकूच्या गोठ्यात गेले. तिची म्हैस बांधलेली होती. तिच्या पुढ्यातल्या घमेल्यात सगळा चीक उपडा केला. म्हशीनं ना जात विचारली ना थंडीचं कारण सांगितलं. घमेलं चाटून पुसून लख्ख केलं.

संध्याकाळी काकूनं धार काढली आणि नेहमीसारखी ओट्यावर चहा घेऊन बसली. अर्धा कप संपल्यावर मी खिडकीतून विचारलं, "काकू, चहा कसा झाला?"

"काहून?"

"काही न्हाई. तुमच्या म्हशीनं दुपारी माझ्या घरचा चीक खाल्ला. पोटभर. म्हटलं, दुधाला चव कशी आली बघावं."

तिनं मान वळवून गोठ्याकडं बघितलं. म्हशीच्या तोंडाला पांढरं लागलेलं होतं. मग तिनं कपाकडं बघितलं. मला वाटलं, आता चहा माझ्या खिडकीवर येतोय. पण नाही. माझ्याकडं डोळे लावून तिनं तो सगळा चहा पिऊन टाकला, सावकाश, घोट घोट, आणि कप ओट्यावर पालथा घातला.

"साखर जास्ती झाली," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर कित्येक वर्षं आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. ती आभाळाशी बोलायची, मला ऐकू येईल असं. "ए आभाळा, दुपारून तू येनार, मला दिसून राहिलं. पन काही शाहाण्या लोकायनं पापड लाटायला घेतले हायेत. त्यायचं काय करायचं ते कर बाबा." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि पीठ झाकून ठेवायचे. कधी मीही बाजेवरच्या शेवयांना सांगायचे, "ऐका गं बायांनो, काही लोकांच्या गच्चीवर माकडं चढलीत." मग तिच्या चपलांचा फटफट आवाज जिन्यावर ऐकू यायचा. गुडघे दुखायचे ना!

असं करत करत आमचं भाड्याचं घर विकायला निघालं, आम्ही ते घेतलं, पोरगं नांदेडला शिकायला गेलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. काकूच्या नातीचं लग्न ठरलं. रुखवतात मांडायला कुरडया काकूच करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. चैत्रातच तिनं गहू भिजवले. आभाळाला रोज दम भरत होती. मी खिडकीतून बघत होते, आणि उगाच कशाला खोटं बोलू, आभाळाच्या बाजूनं होते.

आभाळानं माझं ऐकलं. सकाळी तिचा चीक शिजून तयार, गच्चीवर धोतरं अंथरलेली, सोऱ्यात पहिला चीक भरलेला, आणि वारं सुटलं. बघता बघता गार सुरू झाली. लिंबाएवढ्या गारा पत्र्यावर अशा वाजत होत्या की घरातल्या घरात बोललेलं ऐकू येत नव्हतं. थांबली तेव्हा गल्ली पांढरी झाली होती आणि काकूची धोतरं चिखलात पडली होती.

थोड्या वेळानं चाटू वाजला.

सगळी गल्ली तिच्या दारात जमली. लेकरं गारा चोखत होती. काकूचा चेहरा उतरलेला, पण कायदा म्हणजे कायदा. मी खिडकीत बसून होते. मला काय पडलंय, म्हटलं.

बराच वेळ झाला तरी वाढायचं नाव नाही. लेकरं वाट्या वाजवायला लागली. तिची सून चाटू घ्यायला गेली, तर काकूनं चाटू हातातून सोडला नाही.

"थांब. एक घर कमी हाये."

कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "मास्तरीन न्हाई यायची, काकू. चीक थिजून राहिला."

"थिजू दे. एक घर कमी पडलं तर त्याला लाज कशी वाटंल?" आणि मग तिनं मान वर केली. माझ्याकडं नाही, वर. "ए आभाळा, सांग बरं, एक घर कमी हाये म्हनून."

आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या चिकाच्या वेळेला सगळीच घरं कमी होती, तेव्हा हिला मोजायला येत नव्हतं का? मग काय झालं मला माहीत नाही. मी उठले, फळीवरची माझी वाटी घेतली आणि गल्ली ओलांडली. हो, माझीच वाटी. तिच्या घरचं भांडं मला नको होतं, आणि मला नको आहे हे तिला दिसायला पाहिजे होतं. तिला दिसलं. तिनं त्या वाटीत चीक वाढला, तेलाची धार सोडली. मी तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मीठ कमी हाये," मी म्हणाले.

काकूचे डोळे बारीक झाले. "मग तुहा कसा झाला व्हता?"

"म्हशीला इचारा."

मग त्या बाईच्या पोटातून कुठून तरी हसू आलं, तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. "म्हशीनं त्या दिशी शेरभर दूध जास्ती देल्लं व्हतं," म्हणाली. "म्या कुनाला सांगितलं न्हाई."

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोड झालं सगळं. काही नाही झालं. पुढच्या उन्हाळ्यांत माझा चीक फसला की मी चाटू वाजवायचे, आणि लेकरं यायची, बायाही यायच्या. काकू कुणाला अडवायची नाही. पण स्वतः ओट्यावरून हलायची नाही. "माहं पोट भरलेलं हाये," म्हणायची, "तुमी खा." मी दर खेपेला एक वाटी तिच्यासाठी झाकून ठेवायचे, आणि दर खेपेला ती वाटी गोठ्यात जायची. एकदा तर मी ओट्यापर्यंत नेली. "ठिव तिथं," म्हणाली. मी ठेवली नाही. मुंग्यांसाठी मी चीक करत नव्हते.

मग एका उन्हाळ्यात काकू ओट्यावर दिसेना. अंथरूण धरलं होतं. आभाळ मोकळं सुटलं, कुणी त्याला विचारणारं नाही. एके सकाळी तिची सून माझ्या दारात आली, पायरी चढून आत आली आणि तसबिरीखाली भिंतीला टेकून बसली.

"मावशी, आत्याबाई काहीच खाईनात. पेज न्हाई, दूध न्हाई. आज म्हनल्या, मास्तरणीला चीक करायला सांग."

मी सूप पाखडत राहिले.

"म्हनल्या, आभाळ नसलं तरी चालंल म्हनाव."

मी भडकले. "आत्ता? आत्ता व्हय? चीक म्हणजे काय उपीट हाये, आला पाहुणा की टाकला कढईत? इतकी वर्षं काय झोपली व्हती?" बिचारी सून खाली मान घालून ऐकत होती. तिची काय चूक? मास्तर म्हणाले, "रव्याचा कर. अर्ध्या तासात होईल. आजारी माणसाला काय कळणार आहे?"

त्या बाईला कळणार नाही? पहिल्या घासाला कळलं असतं आणि आभाळाला सांगितलं असतं, ए आभाळा, मास्तरणीनं रवा चारला. मी डब्यातले चांगले गहू निवडून त्याच दुपारी पाण्यात टाकले.

काकूची बाज खिडकीशी होती. रोज सकाळी तिकडून आवाज यायचा, बारीक झालेला, पण तोच. "ए आभाळा, झाला का रं?" मी इकडून गव्हाचं पाणी बदलता बदलता ओरडायचे, "दम धर म्हनाव! गहू अजून फुगायचेत." मग तिकडून खोकला ऐकू यायचा. हसू होतं की खोकला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चीक बसला. पहाटे उठून मी चूल पेटवली. मीठ दोनदा चाखून बघितलं. मीठ कमी आहे म्हणायची संधी मला तिला द्यायची नव्हती. पातेलं उतरवलं, नवी वाटी घासून पुसून घेतली. त्या दिवशी ऊन असं लख्ख पडलं होतं की कुरडयांना तसं ऊन मी आयुष्यात बघितलं नाही. आणि वाटीत चीक काढत होते तेवढ्यात समोरून सुनेचा हंबरडा ऐकू आला.

दुपारी सगळं उरकलं. गल्ली सुन्न होती. घरी आले तर चुलीजवळ पातेलं तसंच झाकलेलं. शेजारची एक बाई म्हणाली, "ऊन हाये तवर कुरडया तरी घालून घ्या मास्तरीनबाई, नासून जाईल." मी पातेलं उचललं आणि गल्ली ओलांडून गोठ्यात गेले. आता त्या पहिल्या म्हशीची पारडी मोठी होऊन तिथं उभी होती. घमेल्यात चीक ओतला. पाठोपाठ सून आली आणि गोठ्याच्या मेढीला धरून उभी राहिली.

"सकाळी इचारलं त्यायनं," ती म्हणाली. "झाला का म्हनून. म्या म्हनलं, झाला, येऊन राहिल्या मावशी. तर म्हनल्या, मला बसती कर. वाटी धराया येत न्हाई अशी निजून."

माझा संताप संताप झाला. किती वर्षं मला थांबवलं त्या बाईनं! आणि स्वतःला घटकाभर थांबवेना. रडू आलं ते रागाचंच होतं, दुसरं कसलं नाही, आणि कुणी काही म्हणो, मी तेच सांगणार.

डोळे पुसले आणि रिकाम्या पातेल्याच्या काठावर चाटू वाजवला. गल्लीत दोन-तीन दारं उघडली. मी गोठ्याच्या बाहेर आले, उजवा हात कपाळावर आडवा धरला. वर ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"ए आभाळा," मी म्हणाले, "सांग तिला. एक घर कमी हाये."

आत पारडी घमेलं चाटत होती.